पाटीवरचं नाव

घरी आलेल्या पोरींच्या कॅमेऱ्यावर खुशालने खांद्यावरचा दुपट्टा फेकावा, ही वागायची कोणती तऱ्हा? पार्बताबाई गुडघ्यांवर हात टेकत गच्चीवर आल्या, दुपट्टा ओढला आणि लेकाच्या हातात कोंबला.

"काहून रे, अंगात आलं का?"

"माय, सकाळपासून हे पोट्टी बाबाचं नाव घेऊन बोंबलून राह्यली! सारं अकोट आयकून राह्यलं!"

खोटं नव्हतं. अमरावतीहून कॉलेजचा सिनेमा काढायला आलेल्या नगमाला दारावरच्या पाटीतलं 'वामन' आवडलं आणि तिने ते हिरोला चिकटवलं. सिनेमात पोरगी गच्चीवरून त्याला हाक मारते. मग दोघं कॉलेज सोडून, गिटार घेऊन, मन मानेल तिकडे निघतात.

"अन् खातीन काय, गिटार?" पार्बताबाईंनी विचारलं होतं. तरी गच्ची दिली. त्यांच्या माणसालाही हेच वेड होतं. "चाल, चिखलदऱ्याले चहाचं दुकान टाकू, दिवसभर गाणे म्हणू," म्हणायचे. बाई हसायच्या आणि भाकरी उलटायच्या. कधी गेल्या नाहीत. नावही कधी घेतलं नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. जेवायला बोलावताना इथूनच "ओ, आयकलं का?" म्हणायच्या, तर गल्लीतले चार बाप्ये वर बघायचे.

"काका, एकच शॉट," नगमा काकुळतीला आली. "ऊन उतरलं की पिक्चर गेला आमचा. उद्या जमा करायचाय."

"गेला तं गेला. गुंडाळा!"

"कोणी गुंडाळत नाही," पार्बताबाई म्हणाल्या. "हं, मार वं हाक."

हिरोइन झालेल्या अपेक्षाने खुशालकडे बिचकून बघत हाक मारली. पण आवाज निघाला मांजरीच्या पिल्लाचा.

"अशानं कालवड तरी वळून पाहीन का? तू नुसते ओठ हालव. हाक मीच मारीन."

पदर खोचून त्या कठड्याशी गेल्या. पहिल्यांदा नुसता श्वासच आला. मग पोटातून उठलं,

"वामनाऽऽ! ओ वामनाऽऽ!"

समोरच्या घरातला शिट्टी वाजवणारा कुकर तेवढा बोलला. खाली रस्त्यावर कोणी मान वर केली नाही. नगमा कॅमेरा थांबवायचं विसरली.

"माय," खुशाल कठड्याशी आला, "तू... बाबाचं नाव..."

पार्बताबाईंनी डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

"जाय, पोरींसाठी चहा सांग. अन् आयकून ठेव खुशाल, बाप तुहा होता, नवरा माहा होता. त्याले हाक कोणी मारावं, थे मी ठरवीन."