शिकारीच्या दिवशी

पोलादावर सरकारनं आयातकर बसवला तेव्हा टाळ्या पिटणारे आम्हीच. आता परदेशी मालाची रग जिरणार, आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कारखान्यांचे दिवस पालटणार! पालटले खरे. पत्रा महागला आणि आमच्या मालकानं गवत कापायच्या यंत्रांचा कारखाना मेक्सिकोला न्यायचं ठरवलं. पत्रा तिथे स्वस्त, आणि तयार यंत्र इकडे आणलं तर कर नाही. असलं शहाणपण वॉशिंग्टनलाच सुचतं.

पत्र्याला आकार देणारे लोखंडी साचे गेले की कारखाना भंगार. युनियननं कोर्टात दावा लावला होता; त्याची तारीख येईपर्यंत साचे हलू द्यायचे नाहीत, म्हणून युनियनची अध्यक्ष लिओना युरकोविच हिनं फाटकावर पहारा बसवला. एकही ट्रक आम्ही आत सोडला नाही.

मग हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असतात.

"पहाऱ्याला कोण थांबतंय?" लिओनानं विचारलं.

सगळे बुटांकडे बघायला लागले.

"अगं बाई, आज कुत्रं तरी कामावर येतं का?" मीच म्हणालो. "ट्रकवालेही रानातच असणार."

तिला हसू आलं. तिचीही बंदूक गाडीत तयार होती. "जा मेल्यांनो," ती म्हणाली.

संध्याकाळी हरणं घेऊन परतलो, तर फाटक सताड उघडं. साच्यांचे रॅक रिकामे. लिओना एकेक रॅक तपासत सुटली. मला तिच्याकडे बघवेना.

"कोण आलं होतं? मेक्सिकोची माणसं?" मी वॉचमन वेंडेलवर खेकसलो.

"कसली मेक्सिकोची! डोंगरापलीकडची, हार्लन्सव्हिलची पोरं."

हार्लन्सव्हिलचा कारखाना गेल्याच वर्षी असाच गेला होता.

"आज शिकार सोडून?"

"परवान्याला पैसे कुठेत त्यांच्याकडे? इथे ठेकेदारानं दुप्पट मजुरी दिली."

"लाज नाही वाटली त्यांना?" लिओना ओरडली.

"विचारलं मी. म्हणाले, आमचा कारखाना हलवला तेव्हा तुमच्यातलं कोण आलं होतं?"



वेंडेल जरा घुटमळला. "पुढच्या आठवड्यात स्टोनफोर्ड गावचा कारखाना हलवतायत. त्याच ठेकेदाराला माणसं कमी पडतायत म्हणे."

"थू!" लिओना थुंकली आणि तरातरा गाडीकडे निघाली.

मीही थुंकलो. तिची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबलो, आणि वेंडेलला हळूच विचारलं, "नंबर आहे का रे त्या ठेकेदाराचा?"