दारातली पणती

"मोंगो, बू! पिनारक!"

शेजारच्या श्रीबाईंचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. या बाई, टेका जरा, असं त्यांच्या जावानी बोलीत म्हणणं. बान्युमानिक हे समारांग शहराचं टेकडीवरचं उपनगर. तिथल्या आमच्या गल्लीत ओसरीवर बसलेलं माणूस येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही असंच बोलवायचं. मी नवी, भाषेची मुकी, त्यात दिवस गेलेले. मी आपली खरंच जाऊन टेकायची. ते नुसतं म्हणायचं असतं, आत कुणी येत नसतं, हे पुष्कळ उशिरा कळलं. श्रीबाईंनी कधी तसं दाखवलं नाही. हळद-चिंचेचं पाणी पुढं ठेवायच्या नि माझ्या सुजल्या पायांखाली उशी सरकवायच्या.

शशिकांत तिथल्या कापडगिरणीत इंजिनियर होते. परदेशी माणसाला तिथं जमीन मिळत नाही, म्हणून आम्ही एक कौलारू घर लांब मुदतीच्या करारानं घेतलं. ईशानी झाली ती तिथंच. ती तीन वर्षांची असताना कॅनडात, कनाटाला आलो आणि घर भाड्यानं दिलं. टेलिकॉमचा फुगा फुटला, यांची त्यातली नवी नोकरी गेली, त्या हिवाळ्यात बेसमेंटमधल्या आमच्या बिऱ्हाडाची चूल त्या भाड्यावर पेटती राहिली. न पाहता पोसणाऱ्या मामासारखं होतं ते घर.

मार्चमधला शनिवार. ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करून मी आत आले, तर हे लॅपटॉपसमोर खुशीत बसलेले.

"मृणाल, समारांगच्या एजंटची मेल आलीय. उरलेली सगळी मुदत विकत घ्यायला बिल्डर तयार आहे. घर पाडून तिथं दुकानांची रांग काढणार. भाव काय देतोय बघ तरी! इथं एक कॉन्डो घेऊ, टेनंट डोळ्यासमोर राहील. करार दोघांच्या नावे आहे, सोमवारपर्यंत तुझा होकार कळवायचाय."

"थांबा अजून. भाव चढेल."

"झालं! आल्या आमच्या बाजारपंडित! ईशानी, तुझी आई ग्रोसरीची कूपनं विसरते, पण जावाच्या प्रॉपर्टीचं भविष्य हिला पाठ."

"बाबा, डोन्ट बी मीन," ईशानी टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली. पंधरा वर्षांची पोर, तिला त्या घरातलं काही आठवत नाही.

भाव चढेल, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते आणि तो चढतही गेला होता. मला भावातलं ओ की ठो कळत नाही. मला ते दार हवं होतं.

ईशानी झाली तेव्हा हे मशिनरी बघायला जपानला गेलेले. श्रीबाई दवाखान्यातून तिची वार मडक्यात घेऊन आल्या. धुतली, फुलं घातली, मुलीला शिवणटिपण यावं म्हणून सुईदोरा ठेवला. बापानं पुरायची असते. बाप नाही म्हणून त्यांच्या नवऱ्यानं ठेवणीतली लुंगी नेसून आमच्या दाराच्या डाव्या हाताला पुरली. वर टोपली पालथी, आत पणती. "बाळाचं धाकटं भावंड आहे हे, अंधारात घाबरेल," खुणा करत म्हणाल्या. रोज संध्याकाळी येऊन तेल घालायच्या. मी खिडकीत तान्हीला थोपटत आपल्याच मनाची एक ओवी गुणगुणायची:

लेकीच्या ग पाठीवरी, भाऊ मातीत निजला
शेजारणीच्या हातानं, दारी दिवा ग लाविला

हे परत आले, पणती पाहून हसले. "हे काय खूळ?" इंजिनियर माणूस. मी म्हटलं, डास येत नाहीत त्यानं. ते त्यांना पटलं.

"आठवतं का गं," हे आता म्हणाले, "दारात पणती लावायचीस तू डासांना? अगं, डास दिव्याकडं येतात! मी बोललो नाही इतकंच." आणि मोठ्यांदा हसले. "करू ना मग होकाराची मेल?"

हातमोज्यांवरचं बर्फ वितळून फरशीवर थेंब पडत होते. सिंकच्या खिडकीतून बाहेर पांढरंच पांढरं दिसत होतं. पाडणारे लोक आधी ओसरी खणतील, मग दार.

"अहो, नका करू."

"पण कारण सांगशील का एकदा?"

मी ईशानीशेजारची खुर्ची ओढली. टेकले.

"ती डासांची नव्हती. तुम्ही जपानला होता. हिची वार आहे तिथं, दाराच्या डाव्या हाताला. श्रीबाईंच्या नवऱ्यानं तुमच्या जागी उभं राहून पुरली आणि श्रीबाईंनी महिनाभर दिवा सांभाळला. तुम्ही हसाल म्हणून मी बोलले नाही." ईशानीच्या हातातली सुरी थांबली होती. "त्यांना मी साधं थँक्यूसुद्धा म्हटलेलं नाही हो. तेव्हा भाषा येत नव्हती, पुढं राहूनच गेलं. आता येईल म्हणायला, पण मला ते त्याच दारात उभं राहून म्हणायचंय, हिला बरोबर घेऊन."