सीलबंद पुठ्ठ्याचा जबाब

मी एक पुठ्ठा बोलतोय. परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली धरतात तसला. तीन वर्षं झाली, भिवंडीतल्या एका कॉलेजच्या कपाटात, लाखेचं सील मारलेल्या पाकिटात पडून आहे.

गेल्या वर्षीचा, म्हणजे १९९३ मधला, तो साधाच मंगळवार होता. कारकून वाल्मीक चहा पीत होता. राहनाळचा कोंडू दारात येऊन म्हणाला, "माझी शैला गेली, साहेब. कावीळ झालेली."

वाल्मीकने कप खाली ठेवला. "बसा, काका."

कोंडूच्या घरातल्या माणसाला या खोलीत कोणी 'बसा' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला कोंडूनेच घडवलं. गोदामातल्या एका खोक्यातून कापलं, वर चाप लावला. तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. कापडाच्या किनारीला कुठली वेल घ्यायची, ते माझ्या पाठीवर फुल्या आणि टिंबं मांडून ठेवायचा. त्याची शिफ्ट संपली की त्याची लेक शैला मला घेऊन अभ्यासाला बसायची. बी.कॉम.ला होती, कॉलेजात गेलेली घरातली पहिली.

संख्याशास्त्राच्या पेपरला पर्यवेक्षकांनी मला उलटं केलं आणि अहवालात लिहिलं, 'सांकेतिक लिपीत उत्तरे.'

भिवंडीत! जिथे गल्लोगल्ली लूमचा खडखडाट, तिथे किनारीची नक्षी ओळखता येऊ नये? मला कुठल्याही कारखान्यात नेलं असतं, तर पहिल्याच कामगाराने हसत सांगितलं असतं. पण विचारायचंच नव्हतं.

चौकशी याच खोलीत झाली. समितीचे तिघे खुर्च्यांवर, शैला उभी. मी चार हात लांब, कपाटात.

"पुठ्ठा तुझाच ना?"

"हो सर, पण त्याच्यावर बाबांनी..."

"विचारलं तेवढंच बोल."

"सर, तो बाहेर काढा ना. मी एकेक फुली समजावून सांगते."

"लूमची नक्षी म्हणे!" दुसरे सर हसले. "उद्या हातावर उत्तरं लिहून आणाल आणि मेंदी म्हणाल."

गावच्या बैठकीत कोंबडी चोरल्याचा बोभाटा झाला, तरी पिसं समोर ठेवतात. इथे शैलाचा जबाबसुद्धा आधीच टाइप करून ठेवला होता. तिने फक्त सही करायची. 'पुठ्ठा माझा आहे', एवढंच त्यात तिचं होतं. तिने प्रत मागितली, तर म्हणाले, "गोपनीय आहे." सात मिनिटांत दोन वर्षांची परीक्षाबंदी.

मग तिने चार अर्ज केले. चारही अर्जांत एकच मागणी: पाकीट माझ्यासमोर उघडा. एकाचंही उत्तर गेलं नाही. बंदी संपायला चार महिने उरले होते, तेव्हा ती गेली.

त्या मंगळवारी वाल्मीकने फाइल काढून शेरा लिहिला.

"काय लिवलं?" कोंडूने विचारलं.

"'विद्यार्थिनी मयत. प्रकरण बंद.'"

"मयत ती झाली, साहेब. आरोप न्हाय मेला. गावात अजून बोलतात, कोंडूची पोरगी कॉपीत गावली. येकडाव ते पाकीट फोडा. बघा तरी काय हाय त्यात."

"काका, माझ्या हातात असतं तर आत्ता फोडलं असतं. समितीची मंजुरी लागते."

"मग समितीला बोलवा. मी बसतो हितंच."

तो संध्याकाळपर्यंत बसला. वाल्मीकने त्याच्या नावाने पाचवा अर्ज लिहून दिला, त्याच्यावर कोंडूने अंगठा नाही, सही केली.

त्यानंतर समितीच्या दोन बैठका झाल्या, याच खोलीत. पाकीट कोणी उघडलं नाही.