चार नंबरचं मशीन

"पोर आत आणायची नाही. पाटी वाचता येते ना? शिकलेली आहेस म्हणे," व्हिका दारातच म्हणाली आणि लुपेच्या कडेवरची सात महिन्यांची मुलगी तिनं स्वतःच उचलून घेतली.

लुपेनं हात सोडले. सोडावेच लागतात. व्हिका तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या. आणि टोंगा बेटांवर आत्यापुढे आई-बापाचं काही चालत नाही. मुलीचं मेलिने हे नावही आत्यानंच ठेवलेलं. नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेल्यापासून लुपे व्हिकाच्याच घरात राहत होती. त्यात विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात संगणकखोली सांभाळायलाही तीच. घरी ती, इथंही ती.

"किती वेळ?"

"ताई, एकच मेल बघायचीय. सुव्हाची. आज चारपर्यंत कळवायचंय, येते म्हणून."

"बघ बाई बघ. सुव्हावाले तुझ्यावाचून जेवायचे थांबलेत."

आत बसलेल्या दोन मुली खिदळल्या. लुपे नेहमीच्या चार नंबरच्या मशीनवर बसली. तीन वाजून वीस मिनिटं. शिक्षिकेच्या पदवीचं शेवटचं वर्ष समुद्रापलीकडे सुव्हाला, विद्यापीठाच्या मुख्य आवारात काढायचं होतं. तिथं लेकुरवाळ्यांसाठी खोली मिळते, आणि ती तिला मिळालीही होती. दोन वर्षं याच खुर्चीत बसून तिनं अभ्यास पाठवला होता. आधी पोट सांभाळत, मग दुधाच्या वेळा सांभाळत. तिच्या जुन्या फोनवर विद्यापीठाची मेल उघडायची नाही. ती इथंच, ब्राउझरमध्ये.

पान रखडत उघडलं. सगळ्यात वर सुव्हाचं पत्र होतं. 'आपण प्रवेश सोडल्याची नोंद घेतली आहे. यात काही चूक असल्यास आज चार वाजेपर्यंत याच खात्यावरून कळवावे.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग 'पाठवलेली पत्रं' उघडली. मंगळवार, सकाळी दहा चाळीस. 'बाळ लहान असल्यामुळे मी पुढे शिकू शकत नाही.' खाली तिचं नाव.

मंगळवारी दहा चाळीसला ती दवाखान्यात होती. मेलिनेला सुई टोचत होते आणि लुपे तिचे पाय घट्ट धरून बसली होती.

पहिल्याच दिवशी व्हिकानं तिला शिकवलं होतं, "दर वेळी काय ते खात्यातून बाहेर पडायचं, पुन्हा आत जायचं? नुसती खिडकी मिटव, पुढच्या वेळी आयतं उघडतं." दोन वर्षं लुपेनं नुसती खिडकी मिटवली होती. जिथं साबण एक, सपाता एक, झोपायची चटईसुद्धा एक, तिथं माझी मेल वेगळी असं म्हणायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिनं वळून पाहिलं. व्हिका दारात पोरीला झुलवत तिच्याकडेच बघत होती. लपवण्यासारखं काही केलंय असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतंच.

"काय गं? भूत दिसलं?"

"ताई, मंगळवारी चार नंबरवर कोण बसलं होतं?"

"मी काय वही घेऊन बसते? आणि आवाज खाली. पोरीच्या आत्याशी बोलतेयस, बाजारातल्या मासेवालीशी नाही."

मुलींचं खिदळणं थांबलं. लुपे पडद्याकडे वळली. सुव्हाला नाव कळवलं तर व्हिकाची नोकरी जाईल, आणि रविवारी चर्चमध्ये लुपेच्या बाकावर कुणी बसणार नाही. तिनं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. 'ते पत्र मी लिहिलेलं नाही. कोणी लिहिलं ते कृपया विचारू नये. मला जागा हवी आहे. मी मुलीसह येत आहे.'

तीन एक्कावन्नला पत्र गेलं. ती पडद्यावरून नजर न हलवता बसून राहिली. छप्पनला उत्तर आलं. 'जागा कायम आहे. पासवर्ड लगेच बदला.'

पासवर्ड मेलिनेचं नाव होता. तिनं तो बदलला. मग आयुष्यात पहिल्यांदाच 'बाहेर पडा'वर टिचकी मारली आणि नाव व पासवर्डाचे दोन रिकामे चौकोन दिसेपर्यंत थांबली.

"झालं मनासारखं?" व्हिका म्हणाली. "जा हो, कोण अडवतंय? पोरगी मात्र इथंच राहील. परक्या बायांच्या हाती द्यायला नाव नाही ठेवलं मी तिचं."

इतकी वर्षं अशा वेळी लुपे 'हो ताई' म्हणत आली होती. आज ती उठली. दारात उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

व्हिकानं मान फिरवली आणि पोरीची पाठ थोपटत राहिली. मेलिने कुरकुरली तशी लुपेची चोळी दुधानं भिजली. मुली इथल्या रीतीप्रमाणे माफी पुटपुटत, कमरेत वाकून दोघींच्या मधून निघून गेल्या.

चार वाजले. खोली बंद करायची वेळ झाली. ते जुनं दार एका हातानं ओढून धरावं लागतं, तेव्हा कुठं दुसऱ्या हातानं कुलूप बसतं. व्हिकाच्या हातांत पोर होती.

लुपे हात पुढे करून उभीच होती.