क्षुल्लक कारणावरून

अपेक्षाला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई जनकाबाई पोलीस ठाण्यात जबाब द्यायला बसली. जनकाबाई जानेफळची, दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाणारी. लेक नांदुऱ्याकडे दिली होती.

ती तासभर बोलली. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून जावयानं पोरीचं डोकं भिंतीवर आपटलं, हे शेजारणीनं सांगितलेलं तिनं सांगितलं. महिन्याआधी लेकीचा फोन आला होता, ‘माय, हे मले रोजच मारून राह्यले’ म्हणत होती, आणि आपणच तिला जरा दम धर म्हणालो, हेही सांगितलं. जमादार टाइप करत होता. शेवटी दीड पान निघालं. त्यानं ते भरभर वाचून दाखवलं. मोठमोठे शब्द होते; सरकारी लिहिणं असंच असतं, असं समजून तिनं सही केली.

दोन वर्षांनी साक्ष झाली. तिनं फोनचं सांगितलं तेव्हा जावयाच्या वकिलानं विचारलं, हे जबाबात का नाही?

“म्या सांगतलं होतं जी. त्याईनं लिवलं नसन.”

मग त्यानं एक ओळ वाचली : ‘पती-पत्नीमध्ये क्षुल्लक कारणावरून वाद होत असत.’ हे तुम्हीच सांगितलं ना, सही तुमचीच ना?

सही तिचीच होती. ती हो म्हणाली. मग हळूच विचारलं, “क्षुल्लक म्हंजे काय जी?”

मागे कुणीतरी हसलं. वकील म्हणाला, लहानसं, किरकोळ.

“मीठ किरकोळच होतं,” ती म्हणाली. “मार नोता.”

पुढचा प्रश्न आला.

जावई सुटला. मुलगा धम्मदीप निकालाची नक्कल घेऊन आला आणि ओसरीत बसून वाचू लागला. दुसऱ्या पानावर तिनं त्याला थांबवलं. हे ‘मयत, मयत’ कोणाला म्हणतात, असं विचारलं.

“आपल्या अपेक्षाले.”

त्यानं नक्कल मिटली. म्हणाला, वरच्या कोर्टात जाता येतं, आपण अर्ज करू.

“पुन्हा लिवाच लागन?”

“हाव.”

“मंग राहू दे,” जनकाबाई म्हणाली. धम्मदीपनं पुन्हा विचारलं नाही. अर्जाची मुदत निघून गेली.