खंडेनवमीची हळद

मित्रांनो, धाकूच्या लेकीचे, प्राप्तीचे लग्न झाले ते साल दोन हजार सतरा. ही गोष्ट त्या वर्षीची. मी कल्याणच्या एका कॉलेजातला जुना तराजू, काचेच्या पेटीत राहणारा. विजेवरचा नवा काटा बिघडला, म्हणून प्रयोगशाळेतल्या दीप्ती मॅडमनी मला कपाटातून काढले. धाकू तिथला शिपाई.

माझ्या शेजारी वाऱ्याच्या प्रयोगांसाठी केलेला एक लांब बोगदा होता. त्याच्या तोंडाला मोठा पंखा, आत लाकडाच्या छोट्या इमारती. ठाण्याच्या खाडीकाठी तशा उंच इमारती व्हायच्या होत्या आणि त्यांच्या मधोमध कोळणींचे मासळी वाळवायचे खळे होते. बोगद्यात त्या खळ्याच्या जागी मॅडम बोटभर ओला टीपकागद ठेवत. आधी माझ्यावर तोलत, तासभर पंखा लावत, पुन्हा तोलत. वजन घटले तेवढे पाणी वाऱ्याने नेले. पाणी कमी उडाले, तर इमारतींमध्ये वाऱ्याला वाट सोडायची, असे ठरले होते.

धाकूची बहीण मनुबाई त्याच खळ्यावर बोंबील सुकवी. एकदा ती हे सारे बघायला आली. म्हणाली, "अरे धाकू, मॅडमला सांग, बोंबील काय कागद नाय." मॅडमसुद्धा हसल्या.

खंडेनवमीला सकाळी धाकूने माझी पूजा केली. पारड्याच्या पोटाला ओली हळद लावून अक्षता चिकटवल्या. इतक्या वर्षांनी कोणी पुजले, मी सुखावलो. त्याच पारड्यात मॅडमनी खळ्याचा कागद तोलला. पंखा चालू असताना धाकूला वाटले, मॅडम रागावतील. त्याने सारे पुसून टाकले. पुन्हा तोलले, तेव्हा हळद-अक्षतांचे वजनही उडालेल्या पाण्यात धरले गेले. खळे छान सुकते, असे मॅडमनी लिहिले. धाकू दाराशी घुटमळला. एवढ्याशा हळदीने काय होते, असे पुटपुटून गप्प राहिला. मला तर वाचाच नाही.

वाऱ्याला वाट सोडली गेली नाही. दोन वर्षांत इमारती उभ्या राहिल्या आणि बोंबील काठ्यांवरच कुजू लागले. मनुबाई ते टोपलीत घालून कॉलेजात आली.

"तुझा काटा खोटा निघाला रे."

"काटा नाय गं. मी," धाकू म्हणाला, आणि त्याने तिला सारे सांगितले.

ती टोपली तिथेच ठेवून गेली. त्या भाऊबीजेला तिने त्याला ओवाळले नाही, पुढेही कधी नाही.

मित्रांनो, आम्हाला पुजा किंवा पुजू नका. पण तोलण्याआधी पारडे नीट पाहा, आणि चूक कळली तर त्याच घडीला सांगा.

खळे आता बंद आहे. मनुबाई दोन हजार तेवीस साली माघ महिन्यात वारली.