सांगितलं आणि ऐकलं

अप्पांना जाऊन तीन आठवडे झाले होते. थोरलीने आणि धाकट्याने त्यांची खोली आवरायला घेतली, तर आवरण्यासारखं काही नव्हतंच. ब्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि सामान किती? एक खाट, एक टेबल, चार सदरे आणि कोपऱ्यात लोखंडी ट्रंक. सदऱ्यांच्या घड्या तर अशा की पट्टी लावून मोजाव्यात.

"आपल्यामागे पोरांना ताप नको म्हणून म्हाताऱ्याने स्वतःच आवरून ठेवलंय बघ," धाकटा म्हणाला.

थोरली हसली. अहो, इतकं भरभरून जगलेल्या माणसामागे सारखं काय रडायचं? पण एक गोष्ट तिला बारा वर्षं सलत होती, आणि आता ती अप्पांना विचारायची सोय उरली नव्हती.

अप्पा फौजेत वायरलेसवर होते. नोकरी संपली, पण वायरलेस काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. पोरं शिकायला बाहेर पडली तेव्हापासून रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही, नुसतं "बोल." मग पोरांनी रिपोर्ट द्यायचा: कुठे आहे, तब्येत कशी, काय हवं. अर्ध्या मिनिटात फोन बंद. पोरांची लग्नं झाली, केस पिकले, तरी सुटका नाही. धाकट्याची बायको घरी आलेल्यांना सांगायची, "सात वाजता ह्यांच्याशी बोलू नका, ड्युटीवर असतात."

नियम एकच, रिपोर्ट खोटा द्यायचा नाही. लढाईत एका टेकडीवरच्या चौकीतून दोन दिवस 'सगळं ठीक' असा निरोप येत होता. तिथलं पाणी संपलं होतं, पण मागायचं कसं, म्हणून तिकडचा गडी ठीकच सांगत राहिला. त्याचा आवाज अप्पांना बरा वाटला नव्हता. तरी त्यांनी ऐकलं ते जसंच्या तसं लिहून पुढे पाठवलं. मदत पोचेपर्यंत उशीर झाला होता. अकरा माणसं गेली. ही हकीकत अप्पांनी पोरांना एकदाच सांगितली. पुन्हा सांगायची वेळ आली नाही.

आणि अशा माणसाशी थोरली आठ महिने खोटं बोलली होती.

तिचा नवरा घर सोडून गेला तेव्हाची गोष्ट. "मुलगा बोलतो गोड, पण नजर चुकवतो," असं अप्पांनी लग्नाआधीच म्हटलं होतं, आणि बाईसाहेबांनी हट्टाने तेच लग्न केलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगणार? रोज सातला ती डोळे पुसायची, घोटभर पाणी प्यायची आणि म्हणायची, "घरी. ठीक. काही नको."

नेमकं त्याच दिवसांत अप्पांचं डोकं बिघडायला लागलं. म्हणजे तिला तसं वाटलं. ऐंशीचे अप्पा दर रविवारी दोन बस बदलून, हत्यारांची पिशवी घेऊन दारात हजर! "खिडकी कुरकुरते म्हणालीस ना?" ती तसं कधीच म्हणाली नव्हती. त्याच खिडकीला ओळीने चार रविवार तेल. पाचव्या रविवारी, "नळ गळतो म्हणालीस ना?" नळ चांगला ठणठणीत. तिने धाकट्याला फोन लावला, "अरे, अप्पा विसरायला लागलेत रे." दोघांनी मिळून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. अप्पा धडाधड दोनपर्यंत खाली आले आणि म्हणाले, "आता वर चढू?" डॉक्टरांनी थोरलीकडे असं पाहिलं, जणू तपासायचं होतं ते तिलाच.

आठ महिन्यांनी तिने शेवटी सगळं सांगून टाकलं. अप्पा म्हणाले, "बरं. कळलं." आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. रागावले नाहीत की काही विचारलं नाही. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण त्यांना फसवलं, ते दुखावले आणि गप्प बसले, असं तिच्या मनाने जे घेतलं ते घेतलंच.

ट्रंकेत वह्या निघाल्या. रोजच्या फोनच्या नोंदी. तारीख, वेळ आणि पुढे दोन रकाने. एकावर 'सांगितलं', दुसऱ्यावर 'ऐकलं'.

धाकट्याने आपल्या कॉलेजच्या वर्षाची वही ओढली आणि मोठ्याने वाचलं, "धाकटा. सांगितलं, अभ्यास चालू. ऐकलं, पत्ते चालू. हा हरतोय." तो डोकं खाजवत म्हणाला, "अगं, हरतोय हे कसं कळलं असेल?"

"तुझ्या आवाजावरून, गाढवा!"

हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग थोरलीच्या ध्यानात आलं, या ढिगात ते आठ महिनेही असणार. तिने पुढे केलेला हात मागे घेतला. पण आता पाहिल्याशिवाय चैनही पडलं नसतं. ती वही तिने शोधून काढली.

'थोरली. सांगितलं: घरी, ठीक, काही नको. ऐकलं: रडून, पाणी पिऊन बोलली. मागे जावयाचा रेडिओ सहा दिवस नाही. रविवारी जाणे. विचारायचं नाही. कारण: खिडकी.'

पुढचा रविवार, कारण: खिडकी. मग कारण: नळ. एका पानावर, 'मला डॉक्टरकडे नेलं. पोरगी वाटेत दोनदा हसली. डॉक्टर चांगला आहे.' आणि तिने सगळं सांगितलं त्या तारखेला, 'स्वतः होऊन बोलली. आवाज मोकळा. काळजी मिटली.'

थोरली खाटेवर बसली. "अरे, त्यांना पहिल्यापासून माहीत होतं रे!" ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. धाकटा तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. तिचं रडणं ओसरल्यावर त्याने शेवटची वही तिच्यापुढे धरली.

अप्पा जाण्याआधी तीन दिवस, फोन ठेवता ठेवता तिने विचारलं होतं, "आणि तुम्ही कसे आहात?" "मी ठीक," एवढं बोलून अप्पांनी फोन ठेवला होता. काय खटकलं ते तिला सांगता आलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी तिने आपलं चष्म्याचं दुकान बंद ठेवलं आणि सकाळची पहिली बस धरली. मग शेवटपर्यंत ती त्यांच्या उशाशी होती.

शेवटच्या पानावर अक्षर हललेलं होतं. पण वाचता येत होतं.

'थोरलीने विचारलं. मी सांगितलं: ठीक. तिने ऐकलं. उद्या येईल.'